चोकची तार गरम लागते

२०२२च्या ऑगस्टमध्ये, गणपती तीन आठवड्यांवर आलेले असताना, बाईंची पद्मिनी माझ्या चिपळूणच्या गॅरेजच्या दारात येऊन बंद पडली. सेल्फ उचलेना. बाहेर पाऊस कोसळत होता. शेजारच्या वेल्डिंगवाल्याची दोन पोरं मागून ढकलत होती आणि बाई स्टिअरिंगवर ताठ बसून त्यांना कधी थांबायचं, कधी नेट लावायचा हे सांगत होत्या. सहावी-सातवीत त्यांनी मला गणित शिकवलं. तेव्हाही त्या अशाच बसायच्या. यजमान गेल्यावर त्यांच्या पोरांनी गाडी विकायचा विषय काढला, तेव्हा बाईंनी वयाच्या पासष्टाव्या वर्षी लायसन्स काढलं. गाडी १९८६ची. तेव्हापासून दर वर्षी त्यांचा गणपती तिच्यातूनच घरी येतो. अपवाद फक्त २०२१चा.

गाडी आत आली आणि बाई बोलायला लागल्या. सकाळी सेल्फ मारला की इंजिन म्हाताऱ्याने जिना चढावा तसं फिरतं, कण्हत, एकेक पायरी. धक्का मारला की मात्र क्लच सोडताच सुरू. पंधरा-वीस मिनिटं चालली, परशुराम घाट लागला की मिस मारते, सायलेन्सरमधून फटफट आवाज करते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा शहाणी. कऱ्हाडकडच्या एका गॅरेजने नवी बॅटरी टाकली, सेल्फ दोनदा खोलला, फरक नाही.

"आणि एक," बाई म्हणाल्या, "चोक ओढते ना, तेव्हा तार हाताला गरम लागते."

"इंजिनाची ऊब असते ती, बाई."

"सकाळी सहा वाजता? कसली ऊब रे?"

पण तोवर माझं डोकं बॉनेटखाली गेलं होतं.

फियाटचं, म्हणजे पद्मिनीचं, इंजिन मला झोपेत उघडता येतं असा माझा समज आहे, आणि त्याला कारण आहे. १९८५मध्ये सतराव्या वर्षी मी मुंबईला गेलो तो कुर्ल्याला, मामाकडे. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यातच, आणि मी ज्या गॅरेजात हेल्पर लागलो तिथे रोज काळ्या-पिवळ्या टॅक्सीच यायच्या. टॅक्सीवाल्याला गाडी संध्याकाळपर्यंत हवी असते, कारण रात्रपाळीचा ड्रायव्हर उभा असतो. त्यामुळे दोष शोधायला वेळ मिळायचा नाही आणि शोधल्याशिवाय सुटकाही नसायची. १०८९ सीसी, चार सिलिंडर, एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्युटर. लपवायला काही जागाच नाही. एक-तीन-चार-दोन हा फायरिंगचा क्रम गॅरेजच्या उस्तादांनी पाढ्यासारखा घोकून घेतला होता. प्लगच्या वायरी चुकून अदलाबदल झाल्या की ते हाताला धरून मला गाडीसमोर उभं करायचे आणि पाढा म्हणायला लावायचे. अख्खी गल्ली हसायची.

उस्ताद फारसं शिकवत नसत. एकच वाक्य सारखं म्हणायचे, "पहले पूछ, फिर खोल." आधी विचार, मग उघड. मी ते वाक्य माझ्याकडच्या चार पोरांना शिकवलं आहे. बाईंच्या गाडीच्या वेळी मात्र मी आधी खोललं.

खोललं म्हणजे काय केलं? प्लग काढले. तीन बिस्किटी रंगाचे, म्हणजे ठीक. एक जरा काळा. पॉइंट जळाले नव्हते, पण झिजले होते. पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते, आणि एवढ्याशा फटीवर सगळा खेळ चालतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारत असेल तर चार सिलिंडरना मिनिटाला सहा हजार ठिणग्या लागतात, सेकंदाला शंभर. दर ठिणगीला पॉइंट एकदा उघडतो, कॉइलमधला बारा व्होल्टचा प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातून हजारो व्होल्टचा झटका प्लगला जातो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडू नये म्हणून शेजारी कंडेन्सर असतो, करंगळीच्या पेराएवढा पत्र्याचा डबा. तो बिघडला की पॉइंट जळतात आणि प्लगवरची निळी ठिणगी पिवळी, मरतुकडी होते. गरम झाल्यावर मिस मारणाऱ्या जुन्या गाडीत पहिला संशयित तोच. म्हणून मी तो बदलला. पॉइंट नवे, प्लग नवे, कंडेन्सर नवा. कार्बोरेटर उतरवून धुतला, जेट फुंकले. पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा डायफ्राम बघितला तर रबर फुगून मऊ पडलं होतं. पेट्रोलमध्ये तेव्हा दहा टक्के इथेनॉल येत होतं, १९८६च्या रबराला ते मानवत नाही. तोही बदलला.

एका दिवसात सहा गोष्टी. उस्ताद असते तर त्यांनी पाढा म्हणायला लावला असता.

बाई जुने पार्ट मागून घेतात. सगळे. मी जळका प्लगसुद्धा फेकू शकत नाही. त्यांनी ते जुने प्लग, पॉइंट, कंडेन्सर, डायफ्राम श्रीखंडाच्या डब्यात भरून गाडीत ठेवले आणि गाडी सुरू करायला बसल्या. सेल्फ मारला. गाडी कण्हली, कण्हली, आणि चौथ्या खेपेला लागली. "बघा," मी म्हणालो. बाई काही बोलल्या नाहीत. शाळेतही उत्तर चुकलं की त्या आधी गप्प बसायच्या.

चार दिवसांनी फोन. गाडी घाटात उभी. मी मोटरसायकलवर गेलो. पाऊस थांबलेला, ऊन कडक, बॉनेटवर हात ठेववत नव्हता. हे चित्र मुंबईतल्या माणसाला एकदम ओळखीचं वाटतं. मे महिन्यात सायनच्या सिग्नलला टॅक्सी बंद पडायच्या, बॉनेट वर करून ड्रायव्हर एसी पंपावर ओलं फडकं टाकायचा. पेट्रोलची लाइन तापून आत वाफ धरते, पंप वाफ ओढत बसतो, कार्बोरेटर कोरडा पडतो. मी बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं, पंपावर गुंडाळलं, दहा मिनिटं थांबलो. गाडी सुरू झाली आणि चिपळूणपर्यंत सुतासारखी आली. मी बाईंना वाफेचं सगळं समजावून सांगितलं, लाइनवर गुंडाळायला ॲसबेस्टॉसची दोरी शोधतो म्हणालो. फार विद्वान वाटलो असेन.

त्या फडक्याने मला आठवडाभर फसवलं. बॉनेट उघडून दहा मिनिटं थांबलं की फक्त पंप गार होत नाही, बॉनेटखालचं सगळंच गार होतं. उपाय लागू पडला म्हणून निदान बरोबर, असं आम्ही धरून चालतो. डॉक्टरांचंही तसंच होत असावं, पण त्यांच्याकडे पडताळायला टेस्ट रिपोर्ट तरी असतात.

खरं तर कान उघडे ठेवले असते तर तेव्हाच कळलं असतं. पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी दम लागल्यासारखी होते. रेस दिली तरी पिकअप येत नाही, हळूहळू मरते. करंट जातो तेव्हा बटण बंद केल्यासारखं होतं, मध्येच झटका, मग पुन्हा ठीक, मग दोन झटके, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन फटकन पेटतं. बाईंनी पहिल्याच दिवशी 'फटफट' म्हटलं होतं. हा शब्द वाफेचा नव्हता, ठिणगीचा होता.

दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी गाडी गॅरेजात ठेवून घेतली आणि बाईंना रिक्षाने घरी पाठवलं. गणपतीला नऊ दिवस राहिले होते.

रात्री शटर अर्धं ओढून मी आणि माझा हेल्पर बसलो. अंधारात इंजिन सुरू करून बॉनेटखाली बघायची जुनी पद्धत आहे. प्लगच्या वायरीला किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला चीर असेल तर निळ्या मुंग्या फिरताना दिसतात. कोकणच्या हवेत असले दोष फार. मी फवाऱ्याने पाणीही मारलं. एकही मुंगी नाही. मग एकेक प्लगची वायर काढून इंजिनचा ठोका ऐकला. निरोगी सिलिंडरची वायर काढली की इंजिन लंगडतं, मेलेल्याची काढली तर फरक पडत नाही. चारही सारखे लंगडले. म्हणजे चारही जिवंत, दोष एका सिलिंडरचा नाही, चौघांच्या आधीचा कुठला तरी.

"सकाळी बघू," मी म्हणालो.

सकाळी गार इंजिनावर सुरुवात केली. मी बॉनेटपाशी, हेल्पर आत. "चोक ओढ आणि सेल्फ मार." त्याने मारला. तेच कण्हणं. "अजून मार. थांबू नको."

"काका," तो आतून ओरडला, "ही तार चटका देते!"

मी तिथेच उभा राहिलो. पाय ओला असताना विजेच्या बटणाला हात लागावा तसं काहीतरी झालं, पण लाजेने.

सेल्फ मोटर शंभरावर अँपिअर ओढते. तेवढा करंट बॅटरीतून मोटरपर्यंत जाडजूड केबलमधून जातो आणि इंजिनच्या लोखंडातून परत बॅटरीच्या मायनसकडे यायला बघतो. पण इंजिन बॉडीला थेट टेकलेलं नसतं, रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं, आणि रबर करंट सोडत नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली अर्थिंगची पट्टी असते. ती तुटली तर करंट दुसरी वाट शोधतो. इंजिनला आणि बॉडीला जोडणारी धातूची जी काही बारीकसारीक वस्तू असेल, त्यातून. बाईंच्या गाडीत ती वस्तू होती चोकची तार. सायकलच्या ब्रेकच्या तारेएवढी. तिच्यातून शंभर अँपिअर जायला बघत होते, म्हणून ती तापत होती. म्हणून सेल्फ कण्हत होता. म्हणून ऐन सेल्फ मारताना कॉइललाही पुरेसे व्होल्ट मिळत नव्हते. आणि म्हणूनच धक्का मारला की गाडी लगेच लागायची. धक्क्यात सेल्फचा संबंधच येत नाही, आणि एकट्या ठिणगीला लागणारा थोडासा करंट त्या तारेतून आरामात परत जातो.

मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर. कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन मध्येच सुरू होणार नाही. सेल्फ मारला. अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं होतं. ३.४ दिसले. बारातले जवळजवळ साडेतीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच सांडत होते. जंपर केबलने ब्लॉक थेट मायनसला जोडला आणि परत सेल्फ मारला. इंजिन भिंगरीसारखं फिरलं. हेल्पर आतून हसायला लागला.

पट्टी खाली होती, गियरबॉक्सच्या बाजूला. गाडीखाली सरकून टॉर्च मारला तर अखंड दिसली, काळीभोर, चकाचक. कारण तिच्यावर काळा रंग मारला होता. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्याला लागलं, तेव्हा ही गाडी पूर्ण बुडाली होती. माझं गॅरेजही बुडालं. पाणी ओसरल्यावर मी आठ दिवस फक्त चिखल काढत होतो, पाने आणि सॉकेट बादलीत डिझेलमध्ये बुडवून ठेवत होतो. त्यामुळे बाईंची गाडी तेव्हा माझ्याकडे आली नाही, दुसरीकडे गेली. तिथे इंजिन नीट उघडलं होतं, गाळ काढला होता, काम चांगलं होतं हे मान्य करायला हवं. पण गंज लागू नये म्हणून खालून सगळीकडे काळा रंग फवारताना पट्टी काढून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. वरून काळा, आत गाळ आणि ओल. मी पट्टी दोन बोटांत धरून वाकवली तर रंगाचा पापुद्रा फुटला आणि आतून हिरवी पूड गळली. तांब्याचे शे-दीडशे तंतू असतात, धड उरलेले मी मोजले, अकरा. आणि बॉडीकडचा बोल्ट ज्या पत्र्यावर आवळला होता, तिथेही रंगच.

नवी पट्टी घातली. बसायची जागा पॉलिश पेपरने उघडा पत्रा दिसेपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वर ग्रीस. अर्ध्या तासाचं काम, दोनशे रुपयांचा माल.

सेल्फचा प्रश्न मिटला. घाटातला नाही.

आणि इथे मला जरा शहाणपण आलं. दोन रोग एकत्र असले की एकाची लक्षणं दुसऱ्याच्या अंगावर दिसतात, आणि माणूस दोघांना मिळून एकच औषध शोधत बसतो. पहिला बाजूला झाल्यावर दुसरा उघडा पडला होता. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून बघितली. बारा दिवसांपूर्वी घातलेले नवे कोरे पॉइंट काळेनिळे पडले होते. पॉइंट जळणं म्हणजे कंडेन्सर. पण कंडेन्सर तर नवा. मी स्वतः डब्यातून काढून बसवलेला.

'नवा आहे' हे कारण मी किती वेळा ऐकलं आहे! गिऱ्हाईक म्हणतं, "बॅटरी असणं शक्य नाही, परवाच घातली." आणि मी मनात हसतो. या वेळी ते गिऱ्हाईक मी होतो.

इंजिन स्लोवर चालू ठेवलं आणि शंभर वॉटचा बल्ब तारेला टांगून कंडेन्सरला जवळजवळ चिकटवला. घड्याळ लावलं. अकरा मिनिटं काही नाही. हेल्पर चहा आणायला गेला. बाराव्या मिनिटाला एक झटका. मग दोन. मग फटफट, अगदी बाईंच्या शब्दातली. बल्ब काढला, फुंकणीने गार हवा दिली, दोन मिनिटांत ठोका सरळ. पुन्हा बल्ब लावला, पुन्हा फटफट. तीनदा करून बघितलं. एकदा पटल्यावर थांबायला हवं होतं, पण इतक्या दिवसांनी कुणीतरी खरं बोलत होतं.

आता चांगला कंडेन्सर आणायचा कुठून? या गाड्या बंद होऊन वीस वर्षं झाली. बाजारात मिळतो तो माल कुणी बनवलेला, कधी बनवलेला, देव जाणे. तेवढ्यात आठवलं. बाईंची डिक्की उघडली, श्रीखंडाचा डबा काढला. त्यात फडक्यात गुंडाळलेला मूळचा कंडेन्सर, यजमानांच्या वेळचा. बसवला, पॉइंट पुन्हा नवे घातले, बल्ब टांगला. अर्धा तास. एकही ठोका चुकला नाही. म्हणजे घाटात आधी मिस मारायची ती झिजलेल्या पॉइंटमुळे असणार, आणि मी ते बदलताना सोबत चांगला कंडेन्सर काढून वाईट घातला. जुना आजार बरा केला आणि हुबेहूब तसाच नवा लावून दिला. सहा गोष्टी एका दमात केल्या नसत्या तर हे दुसऱ्याच दिवशी कळलं असतं.

संध्याकाळी गाडी घाटात दोनदा वर-खाली फिरवली. तिसऱ्यांदा गरज नव्हती, तरी गेलो. स्टिअरिंगजवळचा तो गियर, समोर लांब बॉनेट, खाली पुलाकडे वळणारी वाशिष्ठी. कुर्ल्यातल्या त्या गल्लीचा वास येतो मला या गाडीत. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ती रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरातला फोटो मी कापून गॅरेजच्या आतल्या बाजूला लावला.

बिल द्यायला मी स्वतः बाईंच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं. कार्बोरेटर धुणे यावर काट मारली, "ते मी सांगितलं नव्हतं." कंडेन्सरवर काट. पॉइंट दोनदा लिहिले होते, एकावर काट. डायफ्रामपुढे बरोबरची खूण, कारण जुना फुगलेला डायफ्राम त्यांनी डब्यात बघितला होता. अर्थिंगची पट्टी, दोनशे रुपये, इथे पेन थांबलं.

"तार गरम लागते, म्हणाले होते मी."

"हो बाई."

"तू म्हणालास, ऊब."

मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होतो, चोपन्नाव्या वर्षी.

गणपतीच्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी गाडी बाहेर काढली. मी मुद्दाम कोपऱ्यावर उभा होतो. चोक ओढला, एक सेल्फ, गाडी लागली. दुपारी मूर्ती मागच्या सीटवर पाटावर बसवून, नातवाला पाट धरायला सांगून, विसाच्या वेगाने गाडी घरी आली.

मोदक खायला गेलो तेव्हा बाई ताट पुढे करत म्हणाल्या, "उजवीकडे वळताना पुढून कुटकुट आवाज येतो हं."

मी ताट खाली ठेवलं. "गार असताना, की गरम झाल्यावर?"

"बस," बाई म्हणाल्या. "सांगते."